पत्ता कुणी दिला?

उन्हाळ्यातल्या एका दुपारची गोष्ट. उत्रोलीच्या आमच्या घरी आम्ही चार-पाचजणी जमलो होतो. निमित्त कुरडयांचं. चीक शिजवून झाला, सोऱ्या फिरवून फिरवून दंड भरून आले, गच्चीवर कुरडया वाळत पडल्या आणि मग जरा पाय पसरून बसलो. कुणीतरी टीव्ही लावला. ‘सैराट’ चालू होता. पूर्वी पाहिलेला, तरी बसलो पाहत. ‘झिंगाट’ लागलं तेव्हा शेजारच्या काकूंनी बसल्या जागी हातसुद्धा वर केले! पण शेवट जवळ आला तशी एकजण उठली. म्हणाली, “मी आपली कपबशा विसळते.” कपबशा कसल्या, तिला तो शेवट पाहवत नव्हता.

चित्रपट संपला. कुणी काही बोलेना. मग एक वहिनी म्हणाल्या, “पण काय हो, भावाला पत्ता कुणी दिला? आईनंच ना?”

झालं! वाद सुरू झाला. एक म्हणाली, “आई कशी देईल?” दुसरी म्हणाली, “मुद्दाम नसेल दिला, बोलण्याबोलण्यात निघून गेला असेल.” सासूबाई कोपऱ्यातून एवढंच म्हणाल्या, “माहेरचं माणूस दारात आलं की बाई आधी चहा टाकते. ती विचार कुठं करते?”

मैत्रिणींनो, तोच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

दूर गेलं म्हणून सुटलं?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. गोष्ट तुम्हांला पाठ असेल. पाटलाची आर्ची, मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या. दोघं पळून हैद्राबादला जातात. भाषा येत नाही, ओळख नाही. डोशाची गाडी चालवणारी एक बाई त्यांना आसरा देते. भांडतात, सावरतात, नोकऱ्या धरतात, मूल होतं. मग आर्ची आईला फोन करते, नातवाचा आवाज ऐकवते. आणि एके दिवशी भाऊ आणि नातेवाईक दारात उभे. हातात आईनं पाठवलेल्या वस्तू! आर्ची हरखून चहा करते. बाळ शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं, ते परत येतं तेव्हा आईबाप रक्तात पडलेले. शेवटी पडद्यावर उरतात ती त्याची इवली, रक्ताची पावलं. आवाज नाही, संगीत नाही.

पत्ता कसा कळला, हे दिग्दर्शक सांगत नाही. ती जागा त्यानं मोकळी ठेवली आहे. म्हणून तर आपण बायका तिथे अडकतो.

आणखी एक गोष्ट पाहा. ही दोघं गावात मारली जात नाहीत, परमुलखात मारली जातात. आपल्याला वाटतं, माणूस शहरात गेलं की गाव सुटतं. खरंच सुटतं का? आपल्या भोर-वेल्ह्यातली कितीतरी घरं पोटासाठी मुंबईला गेली. दहा बाय दहाच्या खोलीत राहिली, पण सोयरीक जमवायची ती गावच्या भावकीला विचारूनच. गाव मागं राहत नाही, ते ट्रंकेत घालून बरोबर नेलं जातं.

तिकडच्या घरांतही तेच

पुण्याच्या माझ्या भाचीनं मला परदेशी चित्रपटांविषयी सांगितलं आणि दोन-तीन दाखवलेही. पाहिले आणि थक्क झाले. माणसं वेगळी, पण घर अगदी ओळखीचं!

१९६१ साली जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला आणि हजारो तुर्की माणसं जर्मनीत कामाला गेली. तिथेच त्यांचे संसार वाढले. ‘दी फ्रेम्डे’ म्हणजे ‘परकी’ हा २०१० सालचा चित्रपट अशाच एका घराचा. फेओ अलादाग या बाईंनी तो केला. उमाय नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून लहान मुलाला घेऊन इस्तंबूलहून बर्लिनला माहेरी येते. आई जवळ घेते, पण किती दिवस राहणार म्हणूनही पाहते. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. थोरली अशी घरी बसली तर धाकटीचं मोडणार! आहे की नाही आपलंच वाक्य? शेवटी भावाच्या हातात सुरी येते, आणि ती उमायला नाही, तिच्या लेकराला लागते. अब्रू राखायला निघालेलं घर आपल्याच नातवाला मुकतं.

दुसरा, ‘नोस’, म्हणजे ‘लग्न’. स्टीफन स्ट्रेकर यांचा, २०१६ सालचा, बेल्जियममधल्या पाकिस्तानी कुटुंबाचा. त्यामागे तिथे खरोखर घडलेली घटना आहे. झाहिराला संगणकाच्या पडद्यावर तीन स्थळं दाखवतात आणि म्हणतात, निवड तुझी. तिला समजावायला कोण येतं? थोरली बहीण. हे अन्यायाचं आहे हे तिला पुरतं माहीत आहे. पण आपण बायका, आपण काय करणार, असं तिचं म्हणणं. आणि जो भाऊ झाहिराचा सर्वांत लाडका, तोच शेवटी तिच्यावर उठतो.

२००५ साली बर्लिनमध्ये एका तरुण आईला तिच्या धाकट्या भावानं बसथांब्यावर गोळ्या घातल्या. त्यावर २०१९ साली ‘नूर आइने फ्राऊ’ हा चित्रपट निघाला. त्यात गोष्ट सांगते ती मेलेली बाई स्वतःच. एरवी अशा बातमीत सगळे बोलतात, वकील, पोलीस, शेजारी. जिचा जीव गेला ती तेवढी गप्प असते. इथे तिला बोलायला मिळालं.

हे वाचून “त्यांच्यातच असतं बाई असलं” असं मात्र म्हणू नका. डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या लाडगावला काय झालं ते आठवा. मुलगी जेमतेम १९ वर्षांची. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून माहेर तुटलेलं. गरोदर होती. आई आणि भाऊ भेटायला आले म्हणून शेतातलं काम टाकून धावत घरी आली आणि चहा करायला आत वळली. भावानं कोयत्यानं तिचा गळा कापला. त्या वेळी आईनं तिचे पाय धरले होते, असं पोलिसांनी सांगितलं. आईलाही अटक झाली. चहाचं आधण चुलीवरच. सासूबाईंचं बोलणं आठवून माझ्या अंगावर काटा आला.

चित्रपट काय दाखवतात, काय राहतं

या चित्रपटांचं एक फार खरं आहे. ते दाखवतात की असा खून एका माणसाच्या रागातून होत नाही. आधी महिनोन् महिने घरात कुजबुज चालते. कुणी टोमणा मारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत पाठ फिरवतं, कुणी “तुमची ती कुठे असते हल्ली?” म्हणून खोदून विचारतं. सुरी एकाच्या हातात असते, पण तिला धार लावायला दहाजण असतात.

काही उणंही आहे. ‘सैराट’वरून २०१८ साली हिंदीत ‘धडक’ निघाला. त्यात जोडपं कलकत्त्याला जातं, शेवटी नवरा आणि मूल मारलं जातं आणि मुलगी वाचते. पण मूळ दुखणं जे जातीचं, त्याचा उच्चार अगदी दबका. दुखण्याचं नावच घेतलं नाही तर औषध कशाचं देणार? आणि आपण प्रेक्षकही कमी नाही. ‘झिंगाट’वर वरातीत नाचलो आणि त्या गोष्टीचा शेवट सोयीनं विसरलो.

सगळ्यांत जास्त हुरहुर लागते ती आईची. बहुतेक चित्रपटांत ती दाराआड रडते. तिनं वेळीच काय करायला हवं होतं, हे कुणी दाखवत नाही. ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

आपल्या हातात काय?

पहिलं, पत्ता. घर सोडून गेलेली मुलगी कुठे राहते, कुठे नोकरी करते, बाळ कोणत्या शाळेत जातं, हे ज्याला-त्याला सांगायचं नाही. मोबाइलवर आलेला नातवाचा फोटोही पुढे पाठवायचा नाही. मागे दुकानाची पाटी दिसली तरी पुरते.

दुसरं, निरोप. “आई आजारी आहे, एकदा येऊन जा,” असा निरोप घरातले पुरुष तुमच्या तोंडून पाठवू लागले तर आधी स्वतःला विचारा, ही माया की सापळा? शंका असेल तर निरोप पोचवू नका. तिला भेटायचंच असेल तर भेट चार माणसांत, उघड्या जागी होऊ द्या.

तिसरं, कायदा. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असेल तर लग्नाला घरच्यांची संमती लागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून, ३० दिवसांची नोटीस देऊन जातीधर्माबाहेर लग्न करता येतं. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुटुंबानं किंवा जातपंचायतीनं आड येणं बेकायदा आहे. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष असावा आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय व्हावी, असंही सांगितलं. घरात जिवाची भाषा ऐकू आली तर ११२ वर फोन करा. बायकांसाठी १८१ हा क्रमांकही आहे. स्वतःच्या लेकाविरुद्ध फोन करणं सोपं नाही, ठाऊक आहे मला. पण फोन केला तर लेक आणि मुलगी दोघंही वाचतात. एक मरणापासून, एक खुनी होण्यापासून.

जाता जाता एक सांगते. मला एक बाई भेटल्या होत्या. त्यांची पुतणी घर सोडून गेली, त्याला बरीच वर्षं झाली. सणावारी सगळे त्यांनाच विचारतात, कारण पुतणीचा त्यांच्यावर फार जीव. दीरांनी विचारलं, सासूनं विचारलं, नवऱ्यानं देवापुढे शपथ घालून विचारलं. त्यांचं उत्तर एकच, “मला नाही ठाऊक.” मला मात्र हळूच म्हणाल्या, “तिला दुसरा मुलगा झाला.”

कुठल्या त्या बाई, कुठे भेटल्या, म्हणून मला विचारू नका. पत्ता मीही देणार नाही.