जोर आणि तास

शिकागोत मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी केलेला एक प्रयोग 1961 साली प्रसिद्ध झाला. दर मिनिटाला एकदा, कोपरातून हात वाकवत, अंगातला सगळा जोर लावून ओढायचं. असं अर्धा तास. मधूनच पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला, की लगेच लावलेला जोर सरासरी 7.4 टक्क्यांनी वाढायचा. ओढताना स्वतः ओरडलं तर 12.2 टक्क्यांनी आणि संमोहनाखाली तर 26.5 टक्क्यांनी! हात तेच, स्नायू तेच. म्हणजे ‘सगळा’ वाटलेला जोर मेंदूने थोडा राखूनच लावू दिला होता. जड यंत्र सरकवणारे मजूर एका सुरात हाळी देतात, ते उगाच नव्हे.

म्हणून पहिलं भाषण, अंगावर आलेला किचकट हिशेब, आजवर न केलेलं काम यांच्यासमोर ‘मला नाही जमणार’ असं मन म्हणालं, तरी एकदा जोर लावून बघावाच, असं मला मनापासून वाटतं.

पण हा हिशेब जोराचा आहे, तासांचा नाही. कामाच्या ठिकाणी नेमकी इथेच गल्लत होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांचे तास आणि उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी 2014 साली त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला 70 तास राबून निघणारा माल 56 तासांत निघणाऱ्या मालाहून फारसा जास्त नव्हता. उद्योजक नारायण मूर्ती यांनी 2023 साली तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला, तेव्हा ही जुनी आकडेवारी चर्चेत यायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. त्या तासांना मेंदूतली कुठलीही शिल्लक पुरत नाही.

एकदा जोर लावणं वेगळं आणि तोच रोज लावत राहणं वेगळं, हे आपल्या बाजारपेठांतल्या हमालांना अहवालांशिवाय ठाऊक होतं. क्विंटलभराचं पोतं त्यांनी वर्षानुवर्षं पाठीवर वाहिलं. उचलता येतं की नाही, हा प्रश्नच नव्हता. तरीही पोतं 50 किलोंचंच हवं, ही मागणी लावून धरली ती त्यांच्याच संघटनांनी.