गाडी अजून लांब आहे...

पूल असताना रूळ ओलांडून कोण कोण जातं? हात वर करू नका, उत्तर मला माहीत आहे! आणि हे धोक्याचं आहे हे किती जणांना पटतं? सगळ्यांनाच. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. तरी आपण जातोच.

मी परळची. गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या दिवसांत मैत्रिणीच्या रूमवर मुक्काम टाकला होता (रेक्टर मॅडम, हे वाक्य वाचू नका). सकाळी उशीर झाला म्हणून रुळांत उतरले. गाडी येताना दिसत होती, पण चांगली लांब होती. पुढच्या क्षणी मैत्रिणीने सॅक धरून मागे ओढलं आणि गाडी धडधडत समोरून गेली. ‘आंधळी आहेस का?’ ती ओरडली. पण खरं सांगते, मला ती लांबच दिसली होती! असं का झालं, ते शोधताना मानसशास्त्राच्या संशोधन पद्धती हाती लागल्या.

पहिली पद्धत सर्वांत सोपी. लोकांना विचारायचं, म्हणजे सर्वेक्षण. पण माणूस बोलतो एक आणि करतो दुसरंच. ला पियेर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९३४ साली हे छान दाखवलं. एका चिनी जोडप्याबरोबर तो सुमारे २५० हॉटेलांत गेला. नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. नंतर पत्राने विचारलं, ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ कळवलं!

म्हणून दुसरी पद्धत, निरीक्षण. विचारू नका, बघा. आणि त्यातून काही अंदाज बांधला की तिसरी, प्रयोग. एक गोष्ट बदला आणि काय होतं ते मोजा.

याचं उदाहरण आपल्या शेजारीच घडलं. २००९ च्या अखेरीस ‘फायनल माइल’ या मुंबईच्या संस्थेने मध्य रेल्वेच्या परवानगीने वडाळा स्टेशनजवळ तीन बदल केले.

एक, स्लीपरचे एकाआड एक गट पिवळे रंगवले. हर्शल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली मांडलं होतं की मोठी वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या वेगापेक्षा सावकाश येताना दिसते. (उतरणारं विमान आठवा, जणू तरंगत असतं.) पिवळे पट्टे भराभर गाडीखाली नाहीसे होऊ लागले की डोळ्याला वेगाचं माप मिळतं. माझे डोळे का फसले, त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

दोन, एका लांबलचक भोंग्याऐवजी मोटरमनने दोन छोटे भोंगे द्यायचे. सलग आवाजाची कानाला सवय होते, मधल्या शांततेने लक्ष वेधलं जातं.

तीन, चित्रातल्या काडीमाणसाऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा, मोठ्या फोटोंत. नियम वाचून भीती वाटत नाही, चेहरा बघून वाटते.

त्यानंतर वडाळ्याचे मृत्यू ठळकपणे घटल्याच्या बातम्या आल्या. झालं सिद्ध? इंजिनिअर म्हणून इथे जरा थांबू या. तीन बदल एकदम केले, मग नेमका कोणता लागू पडला? दुसरं, त्याच काळात कुठे भिंत उभी राहिली किंवा बंदोबस्त वाढला तर? म्हणून बदल न केलेलं, पण तसंच दुसरं एक स्टेशन तुलनेला हवं. त्याला नियंत्रण गट म्हणतात. तिसरं, उपाय आपण आकडा सर्वांत वाईट असतो तेव्हा करतो, आणि असा आकडा पुष्कळदा आपसूकच थोडा खाली येतो. एम-थ्रीला एकदा दांडी उडाली की पुढच्या वेळी मार्क बहुधा वाढतातच, मग श्रेय लालबागच्या राजाच्या नवसाला!

पण नियंत्रण गट म्हणजे काय, तर एका स्टेशनवर उपाय करायचा आणि दुसरीकडे माणसं मरताना मोजत बसायचं? लॅबमध्ये एक सॅम्पल तसंच ठेवायला काही वाटत नाही, इथे सॅम्पल म्हणजे कोणाचा तरी भाऊ. शिवाय प्रयोगात भाग घेणाऱ्याची संमती घ्यावी असा नियम आहे, पण ‘आम्ही तुम्हाला बघतोय’ असं सांगितलं की माणूस लगेच शहाण्यासारखा वागतो. म्हणून मानसशास्त्रात प्रयोगाआधी नैतिकता समितीपुढे जावं लागतं. काँक्रीटचा क्यूब तोडण्याआधी आपण कोणाला विचारतो?

मला यातून एक गोष्ट पक्की कळली. वडाळ्याला रूळ ओलांडणाऱ्यांना कोणी मूर्ख ठरवलं नाही. त्यांना काय दिसतं, काय ऐकू येतं, ते आधी शोधलं आणि मग डिझाइन बदललं.

तेवढं डिझाइन सगळीकडे पोचेपर्यंत पूल चढा. लेक्चर चुकलं तर प्रॉक्सी लागते (सर, हेही वाचू नका), इथे नाही लागत. आणि ‘गाडी अजून लांब आहे’ असं डोळे म्हणाले तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. माझे फसले होते. सॅक ओढणारी मैत्रीण दर वेळी मागे असेलच असं नाही.