सणाच्या डहाळ्या आणि मुकी जनावरे

नाताळात आपण येशूबाळाचा गोठा हिरव्या डहाळ्यांनी सजवतो. सण सरला की त्या उकिरड्यावर जातात आणि तेथे शेळी, गाय तोंड घालते. पर्वत पाटियाला शहर येऊन भिडले, तरी आपल्यापैकी काहींच्या दारी अजून जनावर आहे. म्हणून हे सांगतो.

लालपत्तीला आपण फार भितो. तिच्या चिकाने लाळ गळते, कुत्र्यामांजरांना उलटी होते. पण सहसा जीव जात नाही. खरी वैरीण कण्हेर. तिची मूठभर पानेही गाईचे हृदय बंद पाडू शकतात. वाळल्यावरही विष जात नाही. उलट कडूपणा कमी झाल्याने जनावर ती सहज खाते. सायकसच्या बिया कुत्र्याचे यकृत बिघडवतात. ईस्टरच्या पांढऱ्या लिलीचे नुसते परागही मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतात.

तेव्हा कण्हेर सजावटीत घेऊच नये. घेतली असल्यास जाळू नये, धूरही विषारी असतो. खोल खड्ड्यात पुरावी. जनावराने खाल्लीच, तर ताक-तेल पाजत वेळ घालवू नये. उरलेली डहाळी सोबत घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे. गुजरातेत १९६२ या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते.

गोठ्यात आपण गाय-मेंढरेही मांडतो. दारच्या जनावरांनाही सण सुखाचा जावो.