भवानीनगरचं पोतं, वालचंदनगरचा शेअर

इंदापूर तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात मालकीच्या दोन तऱ्हा शेजारी नांदतात. भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना सभासदांचा आहे. कुणाचे शेअर कितीही असोत, मत एकच. वालचंदनगर इंडस्ट्रीज ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. तिथे जितके शेअर तितकी मतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभारला. त्याच गावात पुढे साखर कारखान्यांची यंत्रं, अणुभट्ट्यांचे भाग आणि इस्रोच्या रॉकेटची आवरणं घडू लागली. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या बूस्टरमध्येही वालचंदनगरचं काम होतं!

पण या दोघांनाही रोज एकच प्रश्न सोडवावा लागतो: खर्च आज, पैसा उद्या.

गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा, साखर विकली जाते वर्षभर. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, मात्र कायद्याने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत द्यायची. मग गोदामातली पोती बँकेकडे तारण ठेवून मालतारण कर्ज काढतात. थप्प्या कारखान्याच्याच आवारात, पण हक्क बँकेचा. रक्कम भरली की तेवढीच पोती सुटतात. न विकलेल्या पोत्यावर दिवसागणिक व्याज चढत राहतं.

इथे मुंबईतली रिझर्व्ह बँक थेट गोदामात शिरते. महागाई आवरण्यासाठी तिने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. बँकांचे दर त्यामागोमाग सरकतात. समजा, १०० कोटींचं कर्ज वर्षभर अंगावर आहे. व्याज एका टक्क्याने वाढलं तरी १ कोटी जास्त गेले. वालचंदनगरचंही तेच. पोलाद आधी घ्यायचं, पगार दरमहा द्यायचे, अवजड यंत्राचे पैसे टप्प्याटप्प्याने येणार. मधल्या काळात खेळतं भांडवल लागतं आणि त्यालाही व्याज पडतं.

कंपनीला मात्र आणखी एक वाट मोकळी असते: नवे शेअर विकून भांडवल उभं करायचं. ते घेणाऱ्यांत विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, परदेशी फंड असतात. यांनाच संस्थात्मक गुंतवणूकदार म्हणतात. अमेरिकेत व्याज वाढलं की तिकडे जास्त परतावा मिळतो, म्हणून परदेशी फंड अनेकदा इथले शेअर विकू लागतात आणि भाव घसरतो. कारखान्यातल्या यंत्राचं वजन मात्र ग्रॅमभरही बदललेलं नसतं.

यांतल्या देशी संस्थांकडे पैसा येतो कुठून? खोऱ्यातले ओढे वीर धरणात साठावेत आणि नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या शिवारात पोचावेत, तसा तो आपल्याच घरांतून साठतो. एलआयसीचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, पगारातून कापलेला पीएफ. २०१५पासून भविष्यनिर्वाह निधी संघटना नव्या ठेवींचा काही भाग ईटीएफ (बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) यांच्यामार्फत शेअर बाजारात गुंतवते. म्हणजे बारामती एमआयडीसीत पाळीने काम करणारा कामगार नकळत देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा बारीकसा मालक झालेला असतो.

सहकारी कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासदाच्या घरी येतो. शेअर बाजारात नोंदलेली कंपनीही दर तिमाहीला भागधारकांचा तक्ता जाहीर करते: प्रवर्तक किती, संस्था किती, सर्वसामान्य किती. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. देशाच्या अर्थकारणात आपला पैसा कुठे राबतो आणि आपलं मत कुठे चालतं, हे त्यातून स्वच्छ दिसतं.