छातीतील गाठ : लपवू नका, वेळीच दाखवा

कासेला जरा सूज दिसली, धारेत गुठळी आली, की गोठ्यातल्या गाईसाठी आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना निरोप धाडतो. दगडी झाली तर सड निकामी होईल, दूध आटेल, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. त्याच घरातली बाई मात्र स्वतःच्या छातीत हाताला लागलेली गाठ सहा-सहा महिने पदराआड लपवते. ही तुलना कुणाला रुचणार नाही. पण खोटी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. म्हणून स्तनाच्या आरोग्याविषयी आज आम्ही आडपडदा न ठेवता लिहीत आहोत. वाचकांनी हे पान घरातल्या स्त्रियांच्या हाती द्यावे, आणि पुरुषांनीही वाचावे.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आता याचाच क्रमांक पहिला आहे. प्रगत देशांत हा रोग अधिक होतो, पण तेथे मरणारांचे प्रमाण कमी असते. औषधे तर बरीचशी तीच आहेत. मग फरक कशाचा? मोठा फरक वेळेचा आहे. आपल्याकडच्या पुष्कळ स्त्रिया डॉक्टरांपुढे येतात तेव्हा गाठ मोठी झालेली असते, काखेत उतरलेली असते, कधी तर फुटलेली असते.

उशीर का होतो? पहिले कारण लाज. दुसरे कारण असे की ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कामाचा दिवस कोण मोडणार? तिसरे कारण भीती. नाव कळले तर मुलीचे लग्न अडेल, घरचा पैसा संपेल, असे बाई मनात धरून बसते. ही तिन्ही कारणे आम्ही समजू शकतो. पण गाठ यातले काहीच समजत नाही. ती वाढत राहते.

काय पाहावे?

प्रथम धीर देणारी गोष्ट सांगतो. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींत हाताखाली सरकणारी गुळगुळीत गाठ बहुधा साधी असते. पाळीच्या आधी स्तन जड होणे, दुखणे, हेही नेहमीचेच. बाळाला पाजणाऱ्या आईचे दूध साचून गाठ होते व तापही येतो. मात्र कोणती गाठ साधी आणि कोणती नाही, हे शेजारणीने ठरवायचे नाही, आपणही ठरवायचे नाही. ते डॉक्टरांचे काम आहे.

पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर दवाखान्यात जावे : स्तनात किंवा काखेत नवी गाठ, एका स्तनाच्या आकारात झालेला बदल, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येणे, स्तनाग्रावर न बरा होणारा खरजेसारखा चट्टा. यातील काही चिन्हे साध्या आजारातही दिसतात, पण तपासणी टाळण्याचे ते कारण नव्हे.

आपली आपण ओळख ठेवावी

पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी, आंघोळीच्या वेळी, आरशासमोर उभे राहून दोन्ही स्तन पाहावेत. मग तीन बोटांच्या पेरांनी हळूहळू गोल फिरवत सगळा भाग आणि काख चाचपावी. ज्यांची पाळी गेली आहे त्यांनी महिन्यातील एक तारीख ठरवून घ्यावी. आपल्या शेताचा बांध कुठे उंच, कुठे सखल हे ज्याला ठाऊक असते, त्याला तो कोणी सरकवला तर लगेच कळते. तसेच हे आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चीनमधील शांघाय शहरात कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजारांहून अधिक कामगार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना स्वतःची तपासणी नीट शिकवली होती. २००२ साली निष्कर्ष आला, तेव्हा दोन्ही गटांत मृत्यूंचे प्रमाण सारखेच निघाले. म्हणजे केवळ स्वतः चाचपून भागत नाही. बदल ओळखण्यासाठी सवय जरूर ठेवावी, पण ‘मला काही लागले नाही’ म्हणून ठरलेली तपासणी टाळू नये.

जाणत्या हाताची तपासणी

आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रयोग मुंबईत झाला. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली तो सुरू केला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे वस्तीनिहाय दोन गट पाडले. एका गटातील स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या. यंत्र नव्हते, क्ष-किरण नव्हते.

वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या व त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगायला हवे. पण शिकवलेले दोन हात आणि दहा मिनिटांचा वेळ यांनी इतके साधते, ही आपल्यासारख्या गावांना फार मोठी आशा आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या आराखड्यात ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असे ठरले आहे. सोबत तोंडाची व गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे याची चौकशी करावी. गोव्यात २०२१ साली ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ ही मोहीम याच कामासाठी निघाली होती.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा क्ष-किरणांनी काढलेला फोटो. हाताला न लागणारी गाठही त्यात दिसू शकते. पन्नाशीनंतर तिचा उपयोग सर्वांत जास्त. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने चित्र तितके स्पष्ट येत नाही आणि तेथे सोनोग्राफी अधिक कामी येते. मात्र ज्या घरात आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना, विशेषतः लहान वयात, स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे, त्या घरातील मुलींनी तिशीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. शंभरातील पाच ते दहा रुग्णांत हा दोष वारशाने आलेला असतो.

धोका कमी करणाऱ्या सवयी

हा रोग हमखास टाळणारी एकही सवय नाही. सगळे नेमाने वागूनही तो होऊ शकतो, आणि झाला तर तो त्या बाईचा दोष नव्हे. पण धोका कमी करणाऱ्या काही गोष्टी पक्क्या माहीत झाल्या आहेत.

पहिली, अंगावर पाजणे. ३० देशांतील ४७ अभ्यासांचा हिशेब २००२ साली मांडला गेला. त्यात असे दिसले की आईने अंगावर पाजलेल्या प्रत्येक १२ महिन्यांमागे तिचा धोका ४ टक्क्यांहून थोडा अधिक घटतो, आणि प्रत्येक बाळंतपणामागे आणखी ७ टक्के. तेव्हा पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, आणि पुढे जेवणाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ दूध चालू ठेवावे. सासूबाईंनी डब्याच्या पावडरीचा आग्रह धरू नये.

याची दुसरी बाजूही आहे. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७१३ सालीच नोंदवून ठेवले होते की मठांत राहणाऱ्या सिस्टरांना हा रोग इतर स्त्रियांपेक्षा जास्त होतो. कारण आज कळते : गरोदरपण व स्तनपान नसल्याने पाळीचे चक्र आणि त्यातील संप्रेरकांचा परिणाम आयुष्यभर अखंड चालतो. म्हणून अविवाहित स्त्रिया, मूल नसलेल्या भगिनी आणि आपल्या शाळा-दवाखान्यांत राबणाऱ्या सिस्टर यांनी तपासणीत मुळीच हयगय करू नये.

दुसरी गोष्ट, अंगमेहनत व वजन. पाळी गेल्यानंतर अंगावरची चरबीच इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते, आणि तेच पुष्कळ गाठींना पोसते. पूर्वी लावणी, कापणी, विहिरीचे पाणी, दळण यांत व्यायाम आपोआप होई. आता गिरणी दाराशी आली, पाणी नळाला आले; ते चांगलेच झाले, पण अंग बसून राहिले. आठवड्याला निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम लागेल इतके चालावे. परसात भाजीचे दोन वाफे केले तर खुरपणी होते आणि ताटात भाजीही येते.

तिसरी गोष्ट, दारू. दारूने स्तनाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली स्पष्ट केले. फेणीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि रोज एवढे घेणाऱ्या स्त्रीचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. सणावाराला, लग्नकार्यात ‘वाइनच आहे, घे’ असा आग्रह बायकांना होतो. वाइनमध्येही मद्यार्क तोच असतो. आग्रह करू नये, आणि झाला तर नाही म्हणावे.

जेवणात नाचणी, ज्वारी, डाळी, पालेभाज्या, ऋतूतील फळे असावीत. तळलेले व गोड कमी. याने वजन आटोक्यात राहते व मधुमेह, रक्तदाबही दूर राहतो. पण कोणत्याही एका फळाने किंवा पाल्याने कर्करोग बरा होत नाही. मामफळाच्या पानांचा काढा कर्करोगावर रामबाण म्हणून सांगितला जातो. मामफळाचे झाड जरूर लावावे, फळ आवडीने खावे. पण तो काढा माणसांचा कर्करोग बरा करतो असे सिद्ध झालेले नाही. काढ्यात घालवलेले तीन महिने परत मिळत नाहीत.

गाठ सापडल्यास

घाबरू नये आणि थांबूही नये. डॉक्टर तीन कसोट्या लावतात : हाताने तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची परीक्षा. ‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ हा समज खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पुरे झाले पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवावा, आणि ‘पुढच्या महिन्यात या’ असे वारंवार सांगितले गेले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.

सगळा स्तन काढावाच लागतो, असेही नाही. मिलानचे डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९८१ साली दाखवून दिले की गाठ लहान असेल तर स्तनाचा काही भाग काढून मग किरणोपचार दिल्यासही स्त्री तितकीच जगते. लवकर येण्याचा हा आणखी एक लाभ आहे.

खर्चाची चिंता खरी आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. राज्यांच्याही योजना आहेत. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, हैदराबादची एम. एन. जे. संस्था, बंगळुरूची किदवई संस्था, मुंबईचे टाटा मेमोरियल या ठिकाणी उपचार होतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग रुग्णाला व सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वे भाड्यात सवलत मिळते.

पुरुष वाचकांना दोन शब्द. शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुषही असतो, म्हणून तुमच्या छातीतली गाठही दाखवावी. आणि घरातली बाई गाठीविषयी बोलली, तर ‘काही नाही, जाईल’ असे म्हणू नये. हा रोग स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. त्या दिवशी गुरांचा चारापाणी तुम्ही पाहावा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.

आमची सूचना एवढीच : गावातील महिला मंडळाने वर्षातून एक दिवस ठरवावा, आरोग्य केंद्रातील परिचारिकेला बोलवावे, पडदा लावलेली एक खोली व दोन बाके द्यावीत, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकीचे नाव वहीत लिहावे. जिला पुढे पाठवायचे तिच्यासोबत कोण जाईल, हेही त्याच वहीत, त्याच दिवशी लिहून ठेवावे. चिठ्ठी हातात घेऊन घरी बसलेल्या बाईला त्या तपासणीचा काहीच उपयोग होत नाही.