दोन सांधे, आठ वाघिणी

पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या मुलाला घरीही तशीच रेल्वे हवी असते. अडचण येते ती जागेची. एचओ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या 1/87 आकारात, अगदी आवळ वळणाचीही त्रिज्या 36-37 सेंटिमीटर भरते. नुसता एक गोल फेरा बसवायला जवळपास 80 सेंटिमीटर रुंदीचे टेबल लागते.

ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांनी हा फेराच वगळला. नॉर्थम्बरलँडमधल्या किलहॅमच्या लहानशा मालधक्क्यावरून त्यांना एक मांडणी सुचली आणि ती ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या नावाने जगभर पोचली. तिच्यात सांधे फक्त दोन आणि सायडिंग तीन: एका सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. शंटिंग नेकवर, म्हणजे इंजिनाला मागेपुढे होण्यासाठी ठेवलेल्या रुळावर, इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा असते.

खेळात वाघिणी असतात आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्यांची गाडी लांब सायडिंगवर उभी करायची.

अशा 6,720 वेगवेगळ्या गाड्या जुळवता येतात.

कोडे पडते ते रुळांच्या लांबीमुळे. तिन्ही सायडिंग मिळून अकरा वाघिणींची जागा आहे, म्हणजे मोकळ्या जागा फक्त तीन. हवी असलेली वाघीण दुसरीच्या मागे अडकली, तर पुढची आधी ओढून काढावी लागते आणि ती ठेवायची कुठे, हे ठरवूनच इंजिन हलवावे लागते. शंटिंग नेक लांब केली, तर एका खेपेत जास्त वाघिणी ओढता येतात आणि कोडे सैल पडते.

अमेरिकेत जॉन अ‍ॅलन यांनी 1972 मध्ये पाच सांध्यांचे ‘टाइमसेव्हर’ हे शंटिंगचे कोडे प्रसिद्ध केले. तेही फळीवर मावते. पण सुरुवात करणाऱ्याला राइट यांचीच मांडणी सोयीची, कारण सांधे कमी म्हणजे खर्च कमी आणि बिघाडही कमी.

छोट्या ब्रिटिश चारचाकी वाघिणी घेतल्या, तर साधारण 120 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद फळी पुरते. भारतीय मालगाडी हवी असेल, तर हिशेब बदलतो. बॉक्सएन वाघीण प्रत्यक्षात 10.7 मीटर लांब असते, म्हणजे एचओमध्ये 12 सेंटिमीटरहून थोडी जास्त. पाच वाघिणींनाच 60 सेंटिमीटरांवर जागा लागते आणि सगळी मांडणी दीड मीटरच्या पुढे जाते. तेवढी भिंत नसेल तर 1/160 चे एन माप घ्यावे. त्यात लांबी जवळजवळ निम्म्यावर येते.

शंटिंगमध्ये इंजिन अगदी हळू चालते, त्यामुळे रुळांवरची धूळही त्याला थांबवते. म्हणून फळी सपाट हवी, रूळ स्वच्छ हवेत आणि वाघिणींचे कपलिंग एकाच प्रकारचे हवे.

रूळ विकत घेण्याआधी मांडणी खऱ्या मापात कागदावर काढावी, त्यावर आपल्याच वाघिणी जोडून ठेवाव्यात आणि हाताने ढकलत दोन-चार डाव खेळून पाहावेत. सायडिंगची लांबी चुकली असेल तर ती तिथेच कळते आणि पेन्सिलीने दुरुस्तही होते.