परदेशातून इंजिनीअरिंगला यायचंय?

एनआयटीत शिरण्याचा रस्ता म्हणजे ‘दासा’ ही परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठीची प्रवेश योजना. नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात येतं. पूर्वी सॅटचे गुण चालत, २०२१-२२ पासून जेईई मेनची रँक लागते. परदेशी बोर्डात शिकलेल्यांना ते जडच जातं. फी डॉलरमध्ये, तीही घसघशीत. मात्र आई किंवा वडील दुबई, मस्कत, दोहा असे कुठे नोकरीला असतील, तर आधी सीआयडब्ल्यूजी कोटा पाहा. आठ आखाती देशांतल्या भारतीय नोकरदारांच्या मुलांना त्यात जवळपास इथल्या मुलांइतकीच फी पडते. पालकांच्या नोकरीचा दाखला आणि निवास परवाना मात्र वेळेत काढून ठेवा. आयआयटीचं गणित वेगळं: परदेशी नागरिकांना मेन न देता थेट जेईई ॲडव्हान्स्डला बसता येतं. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआय मुलांना ही सवलत नाही.